निरीक्षणाचा रकाना

ओरत्तनाडु, ४ ऑगस्ट २०२४

ती. वरलक्ष्मी आत्यास,
हरिप्रियेचा शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहात फोनला बंदी, आणि वॉर्डनबाई आमची पत्रं फोडून वाचतात. म्हणून आपली मराठी तू शिकवलेल्या नागरीत लिहितेय. त्यांना तमिळच वाचता येतं, वाटतं मी संस्कृत स्तोत्रं पाठवते!

आत्या, बारावीला आले तरी केमिस्ट्रीच्या लॅबला कुलूपच. सर फळ्यावर प्रयोग लिहितात, आम्ही आकड्यांसकट उतरवतो. माझ्या शेजारची भुवना, पापनाशमची, काल विचारत होती की पिपेट जड असतं का गं. हसू आलं आणि रडूही. मला तुझ्यासारखं केमिस्ट्रीच शिकवायचंय. मग हात कधी बसणार?

तुझ्या हातच्या सांबाराची आठवण येते. माया राहू दे.
तुझी हरिप्रिया

---

तंजावूर, १० ऑगस्ट २०२४

चि. हरिप्रियेस अ. उ. आ.

तुझं स्तोत्र पोचलं. ऱ्हस्वदीर्घाची पार आमटी केलीस, पण समजलं. आधी हसले, मग संताप आला. पोहणं काय फळ्यावर शिकवतात? चौघीजणी मिळून मुख्याध्यापिकांकडे जा, घाबरायचं काय त्यात!

तोवर एवढं पाठ कर. टेस्ट ट्यूबचं तोंड आपल्याकडे नको, शेजारणीकडेही नको. ॲसिड उडालं तर आधी पाणी, भरपूर पाणी, रडणं मागाहून. आणि निरीक्षणाच्या रकान्यात डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं, पुस्तकाला हवं ते नव्हे. खोटं निरीक्षण लिहिणारीला मी वर्गाबाहेर उभी करायची, ठाऊक आहे ना?

भुवनाला सांग, पिपेट हलकं असतं. दिवाळीला तिला जेवायला घेऊन ये, डांगर पचडी करते. आशीर्वाद आहेतच.
तुझी आत्या

---

ओरत्तनाडु, ३० जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

आत्या, फार वाईट झालं. परीक्षक येणार म्हणून सोमवारी लॅब उघडली. वर्षभराचे प्रयोग तीन दिवसांत उरकायचे होते, आणि सर एकटेच दोन वर्गांत धावत होते. भुवनानं ॲसिड घातलेली टेस्ट ट्यूब तापवली आणि आत काय होतंय ते वाकून पाहिलं. सगळं उसळून डोळ्यांत गेलं. तोंड आपल्याकडे नको, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं गं. पण कधी हातात धरलीच नाही, तर लक्षात कसं राहणार?

मी तिला ओढत नळाशी नेलं. नळ कोरडा. दुसराही कोरडा. माझ्या बाटलीत होतं तेवढं घोटभर पाणी ओतलं. ती पाणी पाणी म्हणून किंचाळत होती. आता इस्पितळात आहे, पुन्हा दिसणं कठीण म्हणतात.

पुढच्या आठवड्यात चौकशीला अधिकारी येणार. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बजावलंय की प्रयोग वर्षभर झाले, नळाला पाणी होतं, भुवनानंच ऐकलं नाही, असं सांगायचं. वेगळं बोलणारीचे प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात आहेत म्हणे. मी काय सांगू? तू म्हणशील तसं करीन.
हरिप्रिया

---

तंजावूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. हरिप्रियेस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. त्या पोरीच्या आईचं काय होत असेल!

पण तुझे बाबा गेल्यापासून तुझी काळजी माझ्यावर आहे. ते लोक मोठे, तू सतरा वर्षांची. तुझ्या बोलण्यानं तिचे डोळे परत येणार नाहीत, तुझं शिक्षण मात्र जाईल. खोटं बोलू नकोस. गडबडीत लक्ष नव्हतं, एवढंच सांग आणि गप्प राहा. मला भित्री म्हणायचं तर म्हण.

जपून राहा.
आत्या

---

ओरत्तनाडु, ३० मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

सांगितलंस तसंच केलं. लक्ष नव्हतं म्हणाले. बाकीच्या पाणी होतं म्हणाल्या. निष्काळजीपणा भुवनाचा ठरला. मला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण आहेत, असं मुख्याध्यापिकांनी हळूच कानात सांगितलं.

परीक्षा संपली तशी काल पापनाशमला गेले. तिचे दोन्ही डोळे गेले, आत्या. तिनं माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, नळाला पाणी होतं का गं. सगळ्या होतं म्हणतात, तर आपणच घाबरून नळ नीट फिरवला नसेल, असं तिला वाटायला लागलंय. स्वतःलाच दोष देते.

मी सांगितलं, पाणी नव्हतं. दोन्ही नळ मीच उघडून पाहिले होते.

तिनं हात काढून घेतला. मग हे त्या दिवशी का नाही बोललीस, असं विचारलं. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तू लिही. नागरीत नको, तमिळमध्ये लिही, आणि पापनाशमच्या पत्त्यावर पाठव. तिची आई तिला वाचून दाखवील.

लोभाचं आज काय लिहू?
हरिप्रिया