कळवतो म्हणून गेलेले पाहुणे

सिहोरा,
संक्रांतीनंतरचा सोमवार, १९८१

तीर्थस्वरूप देवकाबाईच्या सेवेशी,

धाकटा भाऊ घनश्याम याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे घरात एकही माणूस धड नाही. तुझ्या गुडघ्यांचं काय? भंडाऱ्याच्या डॉक्टरने दिलेलं तेल चोळतेस ना? (तुझी भावजय कुंता म्हणते तेलाने काही होत नाही, तुझ्या हाताखाली कोणीतरी पाहिजे. मी फक्त तिचं म्हणणं लिहिलं.)

बाई, तू आणलेलं लाखनीचं स्थळ बुडालं. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडूनच ऐक. मुलगा तुलाराम, त्याची आई आणि मामा असे पाहायला आले. चंद्रकांताला आम्ही आधी पढवून ठेवलं होतं, की विचारतील तेवढंच बोल आणि खरं बोल. (हे दुसरं मी कशाला सांगितलं, देव जाणे.) मुलाच्या आईने विचारलं, स्वयंपाक येतो ना सगळा? यावर मुलीने मान खाली घालून हो म्हणायचं असतं. आपल्या लेकीने खरोखरच विचार केला. सगळे थांबलो. मग तिने सांगितलं की वरणभात येतो, पुरणपोळी फाटते, आणि वांगी आवडत नाहीत म्हणून ती करतच नाही. पुढे पोहे वाढले. विहीणबाईंनी (होऊ घातलेल्या, म्हणजे न झालेल्या) 'पुरे, पुरे' करत बशीवर हात आडवा धरला. हात धरला की वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चंद्रकांताने बशी उचलली आणि हात धुवायला तांब्या आणून ठेवला. त्या बिचाऱ्या पोह्यांच्या पातेल्याकडे पाहत हात धुऊ लागल्या.

निघताना मामा म्हणाले, घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो. झालं! कुंताने त्याच संध्याकाळी पलंगावरची नवी चादर काढून पेटीत ठेवली. गल्लीतल्या कलाबाईलासुद्धा कळलं, आणि ती तर बैठकीत नव्हतीच. कळलं नाही ते फक्त चंद्रकांताला. ती रोज टपालाच्या वेळी दारात उभी राहायची. मला बघवेना, आणि सांगवतही नव्हतं. तिने विचारलं की मी म्हणायचो, येईल हो पत्र.

पत्र आलं नाही, तेव्हा एके दिवशी पोरगी तुमसरला आणि भंडाऱ्याला गाडी बदलून सरळ लाखनीला त्यांच्या दारात! (सांगून का गेली नाहीस म्हटलं, तर म्हणते, कोणी पुसलंच नाही.) तिथे म्हणाली, "तुम्ही कळवतो म्हणले होते, पत्र नाही आलं. म्हणून मीच आली पुसाले." त्या बाई गडबडल्या. म्हणाल्या, "विचार करून राहिलो अजून." चंद्रकांता म्हणाली, करा, आणि ओसरीत बसून राहिली. दुपारी त्यांनी तोंडदेखलं 'जेवून जा' म्हटलं. जेवली. वांगी बाजूला काढून ठेवली. शेवटी तुलारामच बाहेर आला आणि मान खाली घालून म्हणाला, नाही जमत. ही 'बरं' म्हणून उठली. आता हमरस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ही गोष्ट आहे. मला बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मी खूप ओरडलो, बाई. तिने माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याइले नाही म्हणायचं होतं, तं कळवतो काहून म्हणले? अन् तुमाले माहीत होतं, तं पत्र येईल म्हणून मले काहून सांगतलं?" मी म्हटलं, समोरच्याला दुखू नये म्हणून लोक असं बोलतात. ती म्हणाली, "मंग मले रोज दारात उभं राहून दुखलं, ते?"

मी परसात जाऊन रडलो. लोकांचं एकेक बोलणं तिला मी किती दिवस समजावत बसू? आणि मी नसलो की कोण समजावेल? रागाने नाही, थकून लिहितो आहे. बाकी ठीक. गुडघे सांभाळ.

तुझा,
घनश्याम

ता. क. – दिवाळीला परत जाताना तू एसटीच्या पायरीवरून चंद्रकांताला म्हणाली होतीस, "माझ्याकडे येऊन राहा, शिवण शिक, तुझंच घर आहे." गाडी सुटताना माणूस असं बोलतोच. मी तिला तसं समजावलं, तर म्हणाली, "आत्याचंबी तसंच काय?" तेव्हा हो किंवा नाही, एवढंच लिही. 'बघू' लिहू नको, 'कळवते' तर मुळीच नको. 'नाही' ती समजून घेते.

आणखी एक – तिने हे वाचलं. म्हणते, आत्याने एकदा सांगितलं आहे, पुन्हा कायले पुसता? तिची पेटी बांधून तयार आहे. म्हणून हे पत्र टपालात न टाकता तिच्याच हाती देतो. तू वाचतेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी आहे. बोलावल्याशिवाय आत येणार नाही. बाई, तिला 'ये' म्हण, पण खरंच म्हणायचं असेल तरच म्हण. मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो आहे. नाही म्हणालीस, तर तिला परत न्यायला कोणीतरी पाहिजे.