दादाचं कडवं

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

सध्या दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कविता शिकतोय. निम्म्या कवितांत गेलेली माणसं खिडकीशी येऊन उभी राहतात. तुला नाही आवडणार, पण दादाला भारी आवडायच्या. आम्ही दोघं पाठ करायचो ते आठवतं ना? एक कडवं त्याचं, एक माझं.

परवा सरांनी वर्गात मला मोठ्याने वाचायला लावलं. पहिलं कडवं झालं आणि मी सवयीने थांबले. तो आता नाही, हे डोक्यातच आलं नाही. मग एकदम तिसरं वाचलं आणि पुन्हा थांबले. कुणीच हसलं नाही.

तास संपल्यावर सर म्हणाले, "छान वाचलंत दोघांनी."

सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी नुसती मान हलवली. तू घाबरू नकोस, मीही घाबरले नाही. फक्त खोलीवर आल्यापासून ती कविता उघडलेली नाही.

आई, त्याच्या खोलीचं कुलूप काढ. इतक्या लांब आला तो, घरी तर रोजच येत असेल.

तुझं शेंडेफळ