तेलविहिरीवरचा ठेचा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सासू म्हटलं की मला अजून वाळवंटातला तंबू आठवतो, उंब्रजचं घर नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मामंजी मिलिटरीतून रिटायर झालेले, त्यांचं म्हणणं ठाम होतं: सुनेनं राजस्थानात तेलविहिरींवर राहायचं नाही, राजीनामा द्यायचा. तुम्ही म्हणालात, "आदी मी बघून येती, मग काय ते ठरवा." आणि खरंच आलात माझ्याबरोबर, बोचक्यात हिरव्या मिरच्या आणि दगडी खलबत्ता घेऊन.

त्या दिवशी आमचं मोठं काम होतं. पंपानं प्रचंड दाबाचं पाणी विहिरीत सोडून खोलवरचा खडक तडकवायचा, म्हणजे आत अडकलेलं तेल वाट काढतं. खडक तडकताना बसणारे बारीक हादरे जमिनीत पुरलेली यंत्रं टिपतात आणि भेगा कुठवर गेल्या त्याचा नकाशा मी करते. पण पंप सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर धाडधाड हादरे उमटायला लागतात. साहेब ओरडतात, "कोण आपटतंय तिकडं?" मी स्वयंपाकाच्या तंबूकडे पळते. तुम्ही जमिनीवर खलबत्ता मांडून ठेचा कुटताय!

"आत्याबाई, बंद करा ते! आत्ताच्या आत्ता!" सगळ्यांदेखत ओरडले मी. झालं, आता तुम्हीही मामंजींचीच री ओढणार, नोकरी सुटली, असंच वाटलं.

तुम्ही बत्ता खाली ठेवलात. "बरं बाई," एवढंच म्हणून माझ्यामागोमाग यंत्रांच्या गाडीत येऊन बसलात. पंप सुरू झाले. भेग पुढं सरकेल तसा पडद्यावर एकेक ठिपका उजळत गेला. प्रत्येक ठिपक्याला खाली खडक तडकतोय, असं मी हळूच सांगितलं. तुमचं माहेर पाटणकडचं, भूकंपाच्या मुलखातलं. "आमी जिमीन हालली की घराभायर पळतो," तुम्ही कुजबुजलात, "आन तू हितं तिची वाट बघत बसतीस व्हय!" साहेबसुद्धा हसले.

सुट्टीला दोघी परतलो, तेव्हा मामंजींनी पडवीतच विचारलं, काय ठरलं?

"आवं, सायबाम्होरं मला गप बसवलं हिनं," तुम्ही चहा गाळत म्हणालात. "अशी पोरगी घरात कोंडून काय करायची? न्हाई सोडायची तिनं नोकरी."

मामंजींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिले. विषय तिथंच संपला.

आज सकाळी त्या सगळ्या कामाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. हे पत्र कुठं टाकता येणार नाही, कळतंय. पण खरं सांगते, बातमी अजून ह्यांनाही दिलेली नाही. आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.