खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या

बुधवार, अनसिंग

आमचे हे सुटले! दोन वर्षं परदेशातल्या तुरुंगात काढली आणि आज निर्दोष ठरले. सासूबाई गल्लीत साखर वाटून राह्यल्या, माझ्या मनातून मात्र त्या बाटल्या जात नाहीत. खोकल्याचं ते औषध यांच्या बॅगेत न सांगता मीच ठेवलं होतं. तिकडे त्यावर बंदी आहे, मला काय माहीत? डॉक्टरची चिठ्ठी मी वकिलाला पाठवली, तीच शेवटी कोर्टानं मानली. पण यांना सांगायला जीभ रेटली नाही. काहून? आज फोनवर एका दमात बोलून टाकलं, "त्या बाटल्या म्याच ठेवल्या होत्या."

हे म्हणाले, "वकिलानं मले कवाच सांगतलं. तू कवा सांगशीन, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."

आवाजात राग होता का? कळलंच नाही. उद्या विमानतळावर यांच्यासमोर उभं राहायचं आहे.