वैशाखातलं गिऱ्हाईक

लोहारा, वैशाख १९६०

चि. मारोतीले मायचा आशीर्वाद.

तू नागपूरवरून लिहिलं, कापूस विकला की लोकायजवळ पैसा येते, तवाच घर विक अन् माह्याकडे राह्याले ये. मी हो म्हटलं. पण काल भर उन्हात तांड्यावरचा धावजी घर पाह्याले आला.

"वैशाखात कोणी घर पाह्यते का रे?" म्या म्हटलं.

"दिवाळीत सारेच घरं सारवेल राह्यतात, माय. पावसाळ्यात साऱ्याच विहिरी भरतात. मले आत्ताच पाह्यचं हाय."

घर सोडून तो सरळ आंगणातल्या विहिरीवर गेला. बारा वाजता विहिरीत वाकू नये, भूत लागते, असं तुही आजी सांगे. लग्न होऊन आली तवापासून मी सकाळ-संध्याकाळ पाणी ओढलं, दुपारी कधी वाकली नाही.

"माय, लवकर ये!" तो वरडला. मले वाटलं, पडला मुडदा.

मारोती, ऊन सरळ तळापर्यंत उतरलं होतं. दगड अन् दगड दिसे. दोन दगडायच्या फटीतून झरा जित्या जीवासारखा हालून राह्यलता. गावच्या साऱ्या विहिरी आटल्या, अन् हा आपला चालूच! मी काठावर वाकून पाह्यतच राह्यली.

धावजी हासला, "भाव सांग, माय."

"कायचा भाव? माहं घर म्या आजच पाह्यलं. जाय तू."

हे वाचून तू म्हणशील, बुढीले ऊन लागलं. म्हणून हे पत्र माह्या पेटीतच ठेवीन. तुले दुसरं टाकीन, यंदा गिऱ्हाईकच आलं नाही म्हणून.

तुही माय,
रुखमाबाई