आधी कुंकू

१९ जानेवारी
आजच्या अन्यायाची नोंद इतिहासानं घ्यावी. विश्रामबागेतून दोन एसट्या बदलून कुंडलला बचतगटाच्या लेझीम तालमीला गेले. लेखिका म्हणून मानाची खुर्ची. प्लास्टिकची, तीन पायांची. चौथ्याच्या जागी वीट. नाचाआधी वाचायला चार पानी निवेदन लिहून नेलं होतं. गटाची म्होरकी सुनंदा, तिनं दोन पानं ऐकली.
"बाई, तुमी लय बोलता. आमी नाचूनच सांगतो."

२१ जाने.
लेझमीतून सांगायची गोष्ट सुनंदाचीच. लग्न, हिरवा चुडा, सीमेवरून तिरंग्यात आलेला नवरा, फोडलेल्या बांगड्या. बांगड्या फुटतात तिथं तीसजणी कमरेत वाकतात, लेझीम गप्प. सुनंदाची शिट्टी झाली की उठायचं. शिट्टीशिवाय हलायचं नाही, हा लेझमीतला कायदा. देशातल्या बाकीच्या कायद्यांपेक्षा कडक पाळतात.
कार्यक्रम रथसप्तमीला, सरपंचबाईंच्या हळदीकुंकवात. विधवेनं नाचलेलं चालेल, कुंकवाचा करंडा मात्र तिला वगळून पुढं जाईल. तसा निरोपच आलाय.

२६ जाने.
झेंडावंदन. वीरपत्नी म्हणून सुनंदाला पहिल्या रांगेत जागा, शाल, नारळ. सरकारी मान वर्षातून दोन सकाळी.
तिच्या घरी सासू, इंदूआक्का : "भित्तीवर लेकाचा फोटू हाय, आन् ही नाचणार." सुनंदा लेझीम पुसत बसली. नाचणार की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

४ फेब्रु., रथसप्तमी
परतीच्या एसटीत लिहितेय, अक्षर सांभाळून घेणे.
शाळेचं पटांगण गच्च. सुनंदा सगळ्यांच्या पुढं. बांगड्या फुटल्या, तीसजणी वाकल्या. शिट्टी नाही. मला वाटलं, विसरली. कुणाचा तरी गुडघा कडाडला. पहिल्या रांगेतून इंदूआक्काच म्हणाल्या, "अगं वाजीव की. बायकांच्या कमरा जात्याल."
सुनंदानं शिट्टी तोंडातून काढली. "आधी कुंकू."
सरपंचबाई करंडा धरून पुतळा. कुणीतरी "उठा गं" म्हणालं. एकही उठली नाही. मग आक्का उठल्या. करंडा मागितला नाही, काढून घेतला. बोट बुडवून सुनेच्या कपाळाला.
"लेक गेला माझा. तू हायस न्हवं? वाजीव आता."
वाजली. त्यानंतरची लेझीम… लिहिता येत नाही. सरपंचबाईंची नऊवारीसुद्धा नाचली.
निवेदन पर्समध्येच राहिलं. माझं आजवरचं सर्वांत यशस्वी लेखन.

७ फेब्रु.
चैत्रात जत्रा. पालखीपुढं सुनंदाची लेझीम चालेल का? पंच म्हणाले, "बघू." सुनंदानं तालीम आजपासूनच लावलीय.
दुपारी माधवनगर, कमलआत्याकडे. मला वाढवलं तिनं. माझ्या लग्नात विधवा म्हणून तिला ओटी भरू दिली नाही. मीही तोंड उघडलं नाही. आज खण, नारळ, तांदूळ घेऊन गेले. पदर पसरून समोर बसले.
"आता? पंचवीस वर्सांनी?"
"नवरा तोच आहे, आत्या. चालेल."
ती बराच वेळ तांदूळ चाळवत राहिली. "खडे हायत गं यात," म्हणाली, आणि पहिली ओंजळ घातली.