बाबांच्या ओळीखाली उरलेली जागा

२ जून, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. पत्रकाराला रोज लिहायची सवय हवी. नवी डायरी आणणार होतो, पण बाबांची गेल्या वर्षीची सापडली. ते रोज एकदोन ओळीच लिहायचे, लाल पेनाने. खाली भरपूर जागा आहे. वार तेवढे चुकतात, ते खोडून लिहीन. आजच्या पानावर त्यांनी लिहिलंय: पान तीनवर पुलाची लांबी दोन ठिकाणी वेगळी. खरी कोणती?
बाबा वर्तमानपत्रात उपसंपादक होते. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मी स्वतःच्या नावाने लिहिणार. कॉलेजचा फॉर्म १३ तारखेपर्यंत भरायचा आहे. मुख्य विषय राज्यशास्त्र. निर्णय पक्का.

३ जून, सोमवार.
मुख्य विषय अर्थशास्त्र. शेजारची ताई बँकेत आहे. ती म्हणाली की राजकारणावर कुणीही लिहितं, बजेट कळणारा माणूस मिळत नाही. पटलं. लायब्ररीतून जाड पुस्तक आणलं. रोज एक प्रकरण. आज प्रस्तावना चाळली, म्हणजे लेखकाने कुणाकुणाचे आभार मानलेत ते बघितलं. सुरुवात महत्त्वाची.

४ जून, मंगळवार.
बाबांच्या ऑफिसात गेलो. संपादककाकांना विचारलं, पत्रकार व्हायचंय तर कोणता विषय घेऊ. आधी त्यांना माझी भूमिका वीस मिनिटं समजावून सांगितली. ते ऐकत होते, मध्ये एकदा फोनवर बोलून आले. मग म्हणाले, १२ तारखेला बाबांना जाऊन वर्ष होतंय. १३च्या अंकात चाळीस ओळी छापायच्यात, त्या तू लिही. त्या दिवशी काय झालं तेवढंच. विचारून लिही, आठवून लिहू नकोस. मग विषयाचं बघू.
सोपं आहे. बाबा माझेच होते.
त्यांच्या खुर्चीवर आता एक बाई बसतात. त्यांनाही चष्मा आहे. मी तिकडे बघितलं नाही. दोनदाच बघितलं.

५ जून, बुधवार.
चाळीस ओळी पाऊण तासात हातावेगळ्या केल्या. एक वाक्य इथे उतरवून ठेवतो: ‘मुलाने पत्रकार व्हावे ही अखेरची इच्छा व्यक्त करून, कुटुंबीयांच्या सान्निध्यात त्यांनी शांतपणे जगाचा निरोप घेतला.’ मोठ्याने दोनदा वाचलं. मुख्य विषय साहित्य. अर्थशास्त्र माझ्या प्रकृतीला कोरडं पडेल.

६ जून, गुरुवार.
काकांनी कागद परत पाठवला. मार्जिनमध्ये नऊ ठिकाणी एकच शेरा: कोण म्हणालं?
हा शेरा बाबांचा. काकांनी उचललेला दिसतो. शाळेत मी निबंधात ‘पोपट सर्वांना आवडतो’ असं लिहिलं होतं, तिथेसुद्धा बाजूला लाल अक्षरात तेच होतं. आज सकाळी ब्रेडला लोणी लावताना स्वतःशी म्हटलं, आजचा दिवस छान जाणार. लगेच कानामागे, अगदी बाबांच्या आवाजात, कोण म्हणालं? मागे वळून बघितलं. मागे फ्रीज होता.

८ जून, शनिवार.
आज आईला विचारणार. सतरा प्रश्न काढलेत, क्रमवार.
दुपार: आई कपडे वाळत घालत होती. अशा वेळी विचारणं बरं नाही.
संध्याकाळ: आईचं डोकं दुखत होतं. खरं तर माझं दुखत होतं, पण तिचंही दुखत असणार. शेवटी धीर करून एक प्रश्न विचारलाच. चहा आहे का.
मुख्य विषय मानसशास्त्र. त्यात माणसं न विचारता कळतात.

१० जून, सोमवार. दुपारी ४.
बाबांचे तीन मिस्ड कॉल अजून फोनमध्ये आहेत. ३:३५, ३:४१, ३:५०. नवा फोन घेतला नाही तो यामुळे नाही, जुना चांगला चालतोय म्हणून.
बाबांच्या ऑफिसच्या वॉचमनला भेटायला गेलो होतो. समोरच्या फुटपाथवर तासभर उभा राहिलो. निरीक्षण हीसुद्धा पत्रकारिताच. त्याने मला ओळखून हात केला, तेव्हा घाईने निघालो.
एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवसानंतर मी फोन कधी सायलेंटवर ठेवला नाही. तरी दुपारी डोळा लागला की रिंग ऐकू येते. उठून बघतो तर फोन गप्प असतो. मला दुपारची भीती वाटते.

१२ जून, मंगळवार खोडून बुधवार.
बाबांची ओळ: चष्म्याची दांडी सैल झालीय. आज नीट करून आणणे.
आईला विचारलं. ती कपाट आवरत होती. सतरापैकी एकच प्रश्न आठवला: बाबा मला फोन कशाला करत होते?
तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. म्हणाली, दांडी तुटली होती. जुना चष्मा घरी खणात होता, तो आणून देशील का, एवढंच. तू झोपला होतास, मी बाहेर होते; मला फोनवर त्यांनीच सांगितलं. मग ते स्वतःच यायला निघाले आणि ऑफिसच्या जिन्यात कोसळले. चार वाजून दहा मिनिटांनी.
म्हणजे मी फोन उचलला असता तर, असं मी म्हणालो.
ती म्हणाली, खुर्चीत बसून राहिले असते तरी तेच झालं असतं.
कोण म्हणालं? माझ्या तोंडून निघूनच गेलं.
डॉक्टर म्हणाले, असं तिने सांगितलं. त्याच दिवशी तिने त्यांना दोनदा विचारलं होतं. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवून पुन्हा विचारलं. वेळ वॉचमनच्या वहीत स्वतः बघितली होती. वर्षभर तिच्याकडे सगळं होतं. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तू विचारलं नाहीस, आणि तुझा चेहरा बघून माझा धीर झाला नाही.
मी तिथेच कपड्यांच्या ढिगात बसून रडलो. वर्षात पहिल्यांदा.
जाता जाता अखेरच्या इच्छेबद्दलही विचारून घेतलं. आई चक्क हसली. म्हणाली, ते म्हणायचे, पत्रकारिता सोडून काहीही कर म्हणावं त्याला. हा कुणाला काही विचारतच नाही.

१३ जून, गुरुवार.
आजचं पान पूर्ण कोरं आहे. वर लाल ओळ नाही. तरी सवयीने दोन ओळी सोडूनच सुरुवात केली.
चाळीस ओळींच्या सहा झाल्या, काल रात्रीच काकांना नेऊन दिल्या. पेपरात त्या आईच्या नावाने छापून आल्यात. काका म्हणाले, माहिती तिची, नाव तिचं. विषयाचं विचारलं तर म्हणाले, कोणताही घे, विचारायला कॉलेजात शिकवत नाहीत.
कॉलेजच्या खिडकीशी पोचलो तेव्हा बंद व्हायला दहा मिनिटं होती. मुख्य विषय संख्याशास्त्र.
घरी आल्यावर आईने विचारलं, हाच का? पत्रकारितेचं भविष्य आकड्यांत आहे, असं सांगणार होतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग खरं ते सांगितलं, फक्त याच विषयाच्या जागा उरल्या होत्या. खिडकीवरचे क्लार्क म्हणाले.